विश्लेषण : उद्याचे ‘ड्राफ्ट पिक’ आजच विकावे का? एनएफएल संघांच्या सौद्यांमागील गणित काय?

अमेरिकी फुटबॉलच्या ‘एनएफएल’ या व्यावसायिक लीगमध्ये २०२५ च्या हंगामात दोन संघांनी आपले भविष्य पणाला लावले. हंगाम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी, २८ ऑगस्टला ग्रीन बे पॅकर्सने डॅलस काउबॉइजकडून मायका पार्सन्स हा बचावपटू घेतला. त्याच्या बदल्यात केनी क्लार्क हा अनुभवी खेळाडू आणि २०२६ व २०२७ या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क, म्हणजे ‘ड्राफ्ट पिक’, देऊन टाकले. ४ नोव्हेंबरला इंडियानापोलिस कोल्ट्सने न्यूयॉर्क जेट्सकडून सॉस गार्डनर या बचावपटूसाठी तेवढीच किंमत मोजली. तेव्हा कोल्ट्सने नऊपैकी सात सामने जिंकले होते आणि जेतेपद आवाक्यात असल्याचे चित्र होते. डिसेंबरमध्ये आठवडाभराच्या अंतराने दोन्ही डाव उलटले. ७ तारखेला कोल्ट्सचा क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स टाचेच्या गंभीर दुखापतीने हंगामाबाहेर गेला. १४ तारखेला पार्सन्सच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. कोल्ट्स आठ विजय, नऊ पराभवांसह प्ले-ऑफबाहेर राहिले. पॅकर्स प्ले-ऑफच्या पहिल्याच सामन्यात बाद झाले. दिलेले हक्क मात्र परत येणार नाहीत. त्यामुळे संघाने भविष्यातील निवडीचे हक्क विकावेत का, हा या लीगमधील जुना वाद पुन्हा पेटला आहे.

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

आयपीएल किंवा प्रो कबड्डीमध्ये नवा खेळाडू लिलावातून येतो. ज्याच्याकडे पैसा शिल्लक, तो बोली लावू शकतो. एनएफएलमध्ये नवोदितांचा लिलाव होत नाही. महाविद्यालयीन फुटबॉल खेळून बाहेर पडणारे खेळाडू दरवर्षी एप्रिलमध्ये ३२ संघांमध्ये वाटले जातात. १९३६ पासून चालत आलेल्या या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. त्याच्या सात फेऱ्या असतात आणि प्रत्येक फेरीत संघ आपापल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडतो.

क्रम ठरतो तो उलटा. आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिली निवड मिळते, तर विजेत्याला फेरीतील शेवटची. दुबळ्याला बळ मिळावे आणि लीगमध्ये चुरस टिकावी, हा त्यामागचा हेतू. खेळाडूला संघ निवडण्याची मुभा नसते. ज्याने निवडले त्याच्याकडे खेळायचे.

या पद्धतीतील खरी गंमत अशी, की निवडीचा हक्क ही स्वतंत्र मालमत्ता आहे. संघ तो दुसऱ्या संघाला देऊ शकतो, त्याच्या बदल्यात खेळाडू किंवा दुसरा हक्क घेऊ शकतो. केवळ यंदाचाच नव्हे, तर पुढच्या तीन ड्राफ्टपर्यंतचे हक्क अशा रीतीने देता येतात. आयपीएलमध्येही खेळाडूंची अदलाबदल होते. हार्दिक पंड्या २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे असाच आला. पण त्या व्यवहारात पैसा किंवा खेळाडू हस्तांतरित होतो. तीन वर्षांनंतरची संधी आज विकण्याची सोय तिथे नाही. एनएफएलमध्ये ती आहे, आणि म्हणूनच आज महाविद्यालयात शिकत असलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या खेळाडूच्या मोबदल्यात आजचा तारांकित खेळाडू मिळवता येतो.

या हक्काला इतके मोल कशामुळे?

याचे उत्तर पैशात आहे. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा असते. २०२५ साठी ती सुमारे २७ कोटी ९० लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असला तरी ही मर्यादा ओलांडून खेळाडू जमवता येत नाहीत. त्यामुळे स्वस्तात चांगला खेळाडू मिळणे हाच यशाचा राजमार्ग ठरतो. आणि स्वस्त खेळाडू येतात ते ड्राफ्टमधून.

२०११ च्या कामगार करारापूर्वी चित्र वेगळे होते. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी नवी वेतनश्रेणी लागू झाली आणि पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख डॉलर मिळाले. म्हणजेच ड्राफ्टमधील खेळाडू चार वर्षे, आणि पहिल्या फेरीतील असल्यास संघाच्या इच्छेने पाचवे वर्षही, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी पैशांत खेळतो.

सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी हे याचे टोकाचे उदाहरण. क्वार्टरबॅक म्हणजे हल्ल्याचा सूत्रधार. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर निवडला गेला. २०२३ च्या हंगामात दहा लाख डॉलरहून कमी वेतनात त्याने संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेले. २०२५ मध्ये नवा करार झाला तेव्हा त्याची किंमत पाच वर्षांसाठी २६ कोटी ५० लाख डॉलर ठरली.

म्हणूनच पार्सन्सच्या सौद्याची खरी किंमत केवळ दोन हक्क एवढी नाही. पॅकर्सने त्याच्याशी चार वर्षांसाठी १८ कोटी ८० लाख डॉलरचा करारही केला. हक्क विकणारा संघ दोनदा पैसे मोजतो. एकदा स्वस्त खेळाडूंची संधी गमावून आणि दुसऱ्यांदा महागडा खेळाडू पोसून.

उद्याच्या हक्काची किंमत ठरते कशी?

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या कारकीर्दीत एक तक्ता तयार झाला. ड्राफ्टमधील प्रत्येक क्रमांकाला त्यात गुण दिले होते. पहिल्या क्रमांकाला तीन हजार, सोळाव्याला एक हजार, बत्तिसाव्याला ५९०, अठ्ठेचाळिसाव्याला ४२०. हळूहळू साऱ्या लीगने हा तक्ता उचलला. अलीकडे संघांनी आपापले सुधारित तक्ते बनवले असले तरी सौदेबाजीची भाषा अजून तीच आहे.

हा तक्ता यंदाच्या हक्कांचा. पुढच्या वर्षीच्या हक्काचे काय? त्यासाठी एक ठोकताळा रूढ झाला : पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क म्हणजे यंदाचा दुसऱ्या फेरीचा हक्क. वरवर किरकोळ वाटणारा हा नियम तक्त्यात घालून पाहिला की त्यातील सावकारी दिसते. आज दुसऱ्या फेरीच्या मध्यावरचे ४२० गुण हवे म्हणून वर्षाने पहिल्या फेरीच्या मध्यावरचे एक हजार गुण द्यायचे. हे वर्षाला सुमारे १३८ टक्के व्याज झाले.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अर्थतज्ज्ञांनी प्रत्यक्ष सौद्यांचा अभ्यास करून हेच दाखवून दिले. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या अभ्यासानुसार संघ भविष्यातील हक्कांवर वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक दराने पाणी सोडतात. दुसरा निष्कर्ष आणखी बोचरा होता. एखाद्या जागेसाठी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडल्या गेलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीच जास्त असते. तरीही ‘मला हवा तो हाच’ या खात्रीपोटी संघ वर सरकण्यासाठी हक्क उधळतात. या दोघांच्या मते शहाणा संघ तो, जो अशा उतावळ्यांना आजचा हक्क देतो आणि त्यांच्याकडून उद्याचे हक्क गोळा करतो.

हर्शेल वॉकर सौदा कुप्रसिद्ध का ठरला?

१२ ऑक्टोबर १९८९ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जने डॅलसकडून हर्शेल वॉकर हा धावपटू घेतला. चेंडू घेऊन धावण्यात तो तेव्हा अव्वल गणला जात होता. आपल्याला सुपर बोलसाठी तेवढाच एक मोहरा कमी आहे, अशी व्हायकिंग्जची समजूत होती. डॅलसला पाच खेळाडू मिळाले. करारात एक अट होती. यांपैकी जो खेळाडू डॅलस ठरावीक मुदतीत संघातून काढेल, त्याच्या जागी निवडीचा हक्क मिळणार होता. डॅलसला खेळाडूच हवे असतील, असे व्हायकिंग्ज गृहीत धरून चालले. जिमी जॉन्सन यांचा डोळा पहिल्यापासून हक्कांवर होता. अखेर तीन वर्षांतील पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचे तीन हक्क डॅलसच्या पदरात पडले.

डॅलसने १९८९ मध्ये १६ पैकी केवळ एक सामना जिंकला होता. व्हायकिंग्जचा १९९० चा हक्क पुढे करून त्यांनी चार जागा वर सरकत एमिट स्मिथला घेतले. तोच पुढे लीगच्या इतिहासात सर्वाधिक यार्ड धावणारा खेळाडू ठरला. १९९२ च्या हक्कातून डॅरेन वुडसन हा बचावपटू आला. १९९२ ते १९९५ या चार हंगामांत डॅलसने तीन जेतेपदे जिंकली. वॉकर मिनेसोटात तिसऱ्या हंगामानंतर टिकला नाही आणि तिथे एकाही हंगामात हजार यार्डांचा टप्पा गाठू शकला नाही.

या सौद्याचा धडा ‘हक्क कधीच विकू नका’ असा सांगितला जातो. तो अर्धाच खरा आहे. व्हायकिंग्जची पहिली चूक खेळाडूच्या निवडीत होती. वॉकरची शैली त्यांच्या हल्ल्याच्या रचनेत बसत नव्हती. दुसरी चूक अधिक मोठी. एका धावपटूने जेतेपद मिळेल इतके आपण जवळ आहोत, हा त्यांचा स्वतःविषयीचा अंदाजच चुकला होता.

विकणारा संघ स्वतःलाच ओळखण्यात चुकतो का?

भविष्यातील हक्काचा क्रमांक सौद्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नसतो. तो विकणाऱ्या संघाच्या पुढच्या हंगामावर ठरतो. संघ चांगला खेळला तर दिलेला हक्क तिसाव्या क्रमांकाचा, कोसळला तर पहिल्या पाचातला. म्हणजे ज्या वर्षी त्या हक्काची सर्वाधिक गरज भासते, नेमक्या त्याच वर्षी तो हातात नसतो. शेतकऱ्याने पेरणीआधीच पीक विकावे आणि दुष्काळात भाव दहापट व्हावा, तशी ही गत.

कॅरोलायना पँथर्सने हे अनुभवले. मार्च २०२३ मध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकाच्या निवडीसाठी शिकागो बेअर्सला त्या वर्षीचा नववा आणि एकसष्टावा हक्क, २०२४ चा पहिल्या फेरीचा हक्क, २०२५ चा दुसऱ्या फेरीचा हक्क आणि डी. जे. मूर हा आपला सर्वोत्तम झेलकरी दिला. या निवडीतून ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक आला. पण मूर गेल्याने चेंडू झेलणाराच उरला नव्हता. पँथर्सने १७ पैकी दोनच सामने जिंकले आणि शिकागोला दिलेला २०२४ चा हक्क थेट पहिल्या क्रमांकाचा ठरला. शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. एकाच सौद्यात पहिला क्रमांक विकायचा आणि वर्षाने दुसरा पहिला क्रमांक मिळवायचा, हे शिकागोला पँथर्सच्या अपयशामुळे साधले.

डोळ्यांत भरणारी आणखी एक बाब म्हणजे यंगनंतर दुसऱ्याच क्रमांकावर ह्यूस्टनने घेतलेला क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. थेलर आणि मॅसी यांनी सांगितलेली नाणेफेक ती हीच.

मग रॅम्सचा डाव यशस्वी कसा झाला?

लॉस एंजलिस रॅम्सने हे सारे ठोकताळे उधळून लावले. २०१६ मध्ये क्वार्टरबॅक जॅरेड गॉफला घेतल्यानंतर थेट २०२४ पर्यंत त्यांनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. २०१९ मध्ये जेलेन रॅम्सीसाठी पहिल्या फेरीचे दोन हक्क गेले. २०२१ मध्ये गॉफसह आणखी दोन पहिल्या फेरीचे आणि एक तिसऱ्या फेरीचा हक्क डेट्रॉइट लायन्सला देऊन मॅथ्यू स्टॅफर्ड हा अनुभवी क्वार्टरबॅक आणला. त्याच हंगामाच्या मध्यावर व्हॉन मिलरसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे हक्क दिले. १३ फेब्रुवारी २०२२ रोजी रॅम्सने सिनसिनाटी बेंगाल्सला २३-२० असे हरवून सुपर बोल जिंकला. विजयी मिरवणुकीत महाव्यवस्थापक लेस स्नीड यांनी ड्राफ्टच्या हक्कांना शिवी हासडणारा टी-शर्ट घातला होता.

पण ‘हक्क विका आणि जिंका’ असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. रॅम्सने पहिल्या फेरीचे हक्क विकले तरी मधल्या आणि शेवटच्या फेऱ्यांचे हक्क जमवून ठेवले, आणि तिथे त्यांची पारख उत्तम निघाली. त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू कूपर कप २०१७ च्या तिसऱ्या फेरीतला. पुढे २०२३ मध्ये १७७ व्या क्रमांकावर घेतलेल्या पुका नकुआने पहिल्याच हंगामात १०५ झेल आणि १,४८६ यार्डांचा नवोदितांचा विक्रम केला.

किंमतही मोजावी लागली. २०२२ मध्ये दुखापतींनी ग्रासलेले गतविजेते रॅम्स १७ पैकी पाचच सामने जिंकले. लायन्सला दिलेला २०२३ चा हक्क सहाव्या क्रमांकाचा झाला. लायन्सने तो थोडा खाली सरकवून जामिर गिब्ज आणि सॅम लापोर्टा हे दोन मोहरे मिळवले. जानेवारी २०२४ मध्ये याच लायन्सने, रॅम्सने नाकारलेल्या गॉफच्या नेतृत्वाखाली, रॅम्सला २४-२३ असे हरवत ३२ वर्षांतील पहिला प्ले-ऑफ विजय मिळवला. तरीही लॉस एंजलिसमध्ये या सौद्याबद्दल फारशी हळहळ नाही. करंडक घरी आला होता. या सौद्यात दोघांचाही फायदा झाला, असे म्हणता येते.

विशेष म्हणजे २०२५ च्या ड्राफ्टमध्ये याच स्नीड यांनी उलटी चाल खेळली. आपला २६ वा क्रमांक त्यांनी अटलांटा फाल्कन्सला दिला आणि फाल्कन्सकडून दुसऱ्या फेरीच्या हक्कासह २०२६ चा पहिल्या फेरीचा हक्क घेतला. फाल्कन्स त्या हंगामात प्ले-ऑफबाहेर राहिले. म्हणजे स्नीड यांचा राग हक्कांवर कधीच नव्हता. त्यांचा हिशेब भावाचा होता.

क्वार्टरबॅकसाठी काहीही द्यावे का?

बहुतेक मोठे सौदे क्वार्टरबॅकसाठी होतात, कारण चांगला क्वार्टरबॅक मिळाला की दहा-पंधरा वर्षांची निश्चिंती. २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने २७ वा हक्क, तिसऱ्या फेरीचा एक हक्क आणि २०१८ चा पहिल्या फेरीचा हक्क बफेलो बिल्सला देऊन दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्सला घेतले. त्याच्या जोरावर चीफ्सने तीन सुपर बोल जिंकले. दिलेल्या हक्कांचा आज कोणी हिशेबही विचारत नाही.

याच्या उलट, २०२१ मध्ये फॉर्टीनाइनर्सने तिसऱ्या क्रमांकासाठी मायामी डॉल्फिन्सला त्या वर्षीचा बारावा हक्क, पुढील दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि तिसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. त्यातून आलेल्या ट्रे लान्सने संघासाठी केवळ चार सामन्यांत सुरुवात केली. ऑगस्ट २०२३ मध्ये तो चौथ्या फेरीच्या एका हक्काच्या बदल्यात डॅलसला गेला. त्याची जागा घेतली ती पर्डीने, जवळपास फुकटात मिळालेल्या खेळाडूने.

क्लीव्हलँड ब्राउन्सने मार्च २०२२ मध्ये ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन हक्क देऊन डेशॉन वॉटसनला आणले आणि २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार केला. त्याच्यावर दोन डझनांहून अधिक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केले होते. लीगने ११ सामन्यांची बंदी घातली. तीन हंगामांत तो मिळून १९ सामने खेळला. हक्क गेले, आणि हमीच्या करारामुळे वेतनमर्यादेतील मोठा हिस्साही अडकला.

चीफ्स आणि इतर दोघांत फरक काय? नशीब आहेच. पण चीफ्सचा संघ २०१६ मध्ये १२ सामने जिंकलेला, तयार होता. माहोम्सला एक वर्ष बाकावर बसून शिकता आले. दिलेला हक्कही, संघ मजबूत असल्याने, फेरीच्या तळाचा ठरेल हे जवळपास निश्चित होते.

हक्क मिळवणारा संघ नेहमी फायद्यात राहतो का?

तसेही नाही. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने क्वार्टरबॅक रॉबर्ट ग्रिफिनसाठी रॅम्सला पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचा एक हक्क दिला. रॅम्स तेव्हा सेंट लुईसमध्ये होते. ग्रिफिन पहिल्या वर्षी चमकला, पण गुडघ्याच्या दुखापतीनंतर पूर्वीसारखा राहिला नाही. वॉशिंग्टन कोसळल्याने २०१४ चा हक्क दुसऱ्या क्रमांकाचा झाला. रॅम्सने त्यावर घेतलेला ग्रेग रॉबिन्सन अपयशी ठरला. त्याच ड्राफ्टमध्ये स्वतःच्या तेराव्या क्रमांकावर घेतलेला आरोन डोनाल्ड मात्र पुढे लीगमधील सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक झाला. हक्क मिळणे म्हणजे खेळाडू मिळणे नव्हे. त्याउलट सौद्यातून येणाऱ्या पार्सन्स किंवा स्टॅफर्डची गुणवत्ता सिद्ध झालेली असते. अनिश्चिततेची ही किंमत विकणारा संघ वसूल करू पाहतो आणि तो तर्क चुकीचा नाही.

निर्णय एकाचा, भुर्दंड दुसऱ्याचा?

या वादातील सर्वांत अवघड प्रश्न हितसंबंधांचा आहे. हक्क विकण्याचा निर्णय महाव्यवस्थापक आणि प्रशिक्षक घेतात. यंदा यश आले नाही तर त्यांची नोकरी जाणार असते. तीन वर्षांनंतरचा हक्क वाचवून ठेवला तर तो त्यांच्या जागी येणाऱ्याच्या कामी येईल. अशा माणसाला उद्या स्वस्त आणि आज महाग वाटला तर नवल नाही. पँथर्सचे प्रशिक्षक फ्रँक राइक यांना त्या हंगामातील ११ सामन्यांनंतरच काढण्यात आले. महाव्यवस्थापक स्कॉट फिटरर यांचीही जानेवारी २०२४ मध्ये गच्छंती झाली. गेलेला पहिला क्रमांक मात्र त्यांच्यानंतर आलेल्यांच्या खात्यावर नावे पडला. वर्षानुवर्षे हंगामी तिकिटे काढणारा प्रेक्षक तर कुठेच जात नाही. रिकाम्या हाताने आलेला ड्राफ्ट आणि पडका संघ त्याच्याच वाट्याला येतो.

बास्केटबॉलच्या ‘एनबीए’मध्ये यावर नियम आहे. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचे तत्कालीन मालक टेड स्टेपियन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हक्क इतके उधळले, की लीगला हस्तक्षेप करावा लागला. लागोपाठच्या दोन भावी वर्षांत पहिल्या फेरीच्या हक्काविना राहता येणार नाही, असा नियम आला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एनएफएलमध्ये असे बंधन नाही. लगाम घालायचा तर तो मालकानेच.

मग विकावे की नाही?

आजवरच्या सौद्यांवरून काही कसोट्या निघतात. पहिली, क्वार्टरबॅकचा प्रश्न सुटलेला आहे का? तो सुटला नसेल तर इतर जागांसाठी पहिल्या फेरीचे हक्क देणे म्हणजे पाया न घालता मजला चढवणे. दुसरी, संघाचा यंदाचा विक्रम खरा आहे का? काही निसटते विजय आणि दुखापतीविना गेलेले दोन महिने यावरून पुढच्या दोन वर्षांचा अंदाज बांधणे धोक्याचे. तिसरी, येणाऱ्या खेळाडूच्या नव्या करारानंतर वेतनमर्यादेत किती जागा उरते? चौथी, शेवटच्या फेऱ्यांतून खेळाडू हेरण्याची संघाची क्षमता सिद्ध झाली आहे का? रॅम्सकडे ती होती म्हणून त्यांचे निभावले. पाचवी, निर्णय घेणाऱ्याची खुर्ची किती सुरक्षित आहे? ती डळमळीत असेल तर मालकाने सही करण्यापूर्वी दोनदा विचार करायला हवा.

या कसोट्यांवर २०२५ चे दोन सौदे सारखे ठरत नाहीत. पॅकर्सकडे जॉर्डन लव्हच्या रूपाने स्थिरावलेला क्वार्टरबॅक होता. पार्सन्स सौद्यावेळी २६ वर्षांचा होता आणि क्वार्टरबॅकवर चाल करून जाणारा बचावपटू ही या खेळातील मोलाची जागा. तो सावरून परतला तर हा सौदा अजूनही वसूल होऊ शकतो. कोल्ट्सचे तसे नाही. जोन्स त्यांच्याकडे एका वर्षाच्या करारावर आला होता आणि सारा डोलारा त्याच्या अर्ध्या हंगामाच्या कामगिरीवर उभा होता. गार्डनर गुणी आहेच. पण प्रतिस्पर्धी झेलकऱ्यांना रोखणारा खेळाडू, क्वार्टरबॅकविना, एकट्याने संघ तारू शकत नाही. दुखापत हे दुर्दैव खरे. मात्र एका दुखापतीने कोसळेल इतक्या नाजूक पायावर दोन वर्षांचे हक्क लावणे हा निर्णय होता.

हक्क जपून ठेवणे हेही स्वतःहून काही सद्गुण नाही. दरवर्षी हक्क साठवत राहिलेले आणि कधीच न जिंकलेले संघही या लीगमध्ये आहेत. प्रश्न विकण्याचा नसून, विकताना स्वतःच्या संघाबद्दल खरे बोलण्याचा आहे. सौदा फसतो तेव्हा बहुतेक वेळा आधी तेच चुकलेले असते.